सोडायची, ढकलायची नाही

आमच्या सातवीच्या वर्गाच्या छताला चार लोखंडी कड्या होत्या. शाळा बडोद्याच्या वाडी भागातल्या एका जुन्या घरात भरायची. मूळ मालक कधीच गावाबाहेरच्या नव्या बंगल्यात राहायला गेले होते आणि जाताना बैठकीतला झोपाळा सळ्यांसकट घेऊन गेले. छतातल्या कड्या काढायच्या तर तुळई फोडावी लागली असती, म्हणून त्या मागे राहिल्या. त्याच बैठकीत पुढे सातवी बसू लागली आणि मी तिथे विज्ञान शिकवू लागले.

झोपाळ्याला बडोद्यात आम्ही मराठी माणसंही हिंचकाच म्हणतो. हिंचका नसलेलं घर मला तरी आठवत नाही. आणि हिंचक्याची एक रीत आहे, ती कोणी कोणाला शिकवत नाही. दोघं बसलेले असले आणि एक उठला, तर उठणारा जाता जाता फळीला हलकासा धक्का देतो, बसलेल्याचा झोका मोडू नये म्हणून. जवळून जाणाराही देतो. हातात पाण्याचा तांब्या असला तर कोपराने देतो, नाहीतर गुडघ्याने. पाहुणा झोका न देता निघून गेला, तर बसलेल्याला वाटतं, काही बिनसलं का आमचं? ही रीत मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. हे म्हणणंही खोटं आहे. माझ्यामुळे झालं.

तेव्हा मी तिशीची होते, वडिलांबरोबर राहत होते आणि तापट होते. वाडीतल्या गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची खोकी उभी राहिली होती आणि हायवेच्या बाजूला इंग्रजी शाळा निघत होत्या. त्यांच्या बस पोळात, म्हणजे आमच्या अरुंद गल्ल्यांत, शिरू शकत नसत, म्हणून मुलं गळ्यात टाय बांधून मांडवी दरवाजापर्यंत चालत जायची. आमच्या मराठी शाळेतली चार-पाच मुलं दर जूनला त्या रांगेत जाऊन उभी राहायची. मला राग यायचा. बसचा, टायचा, आईबापांचा, आणि सगळ्यात जास्त आमच्याच पुस्तकाचा.

पुस्तकात लिहिलेलं होतं, कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. मुलं हे एका सुरात म्हणायची. 'म्हणजे काय?' असं विचारलं की वर्ग चिडीचूप. एकदा मी पुस्तक मिटून टेबलावर आपटलं आणि म्हटलं, यापुढे या वर्गात ऊर्जा हाताला लागल्याशिवाय कोणी तिचं नाव घ्यायचं नाही.

मग आमचे उद्योग सुरू झाले. टाचणीला टोचलेला शेंगदाणा पेटवायचा आणि त्यावर परीक्षानळीतलं पाणी तापवायचं. एका दाण्यावर पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं पाहून एकाने विचारलं, "बाई, मग चिक्की खाल्ली की आपण पेटत का नाही?" मी म्हटलं, "पेटतोस की. तुला कधी एका जागी बसवतं का?" सायकल उलटी उभी करून आम्ही डायनॅमो लावायचो आणि पायडल हाताने फिरवायचो. दिवा जोडला की पायडल जड, काढला की हलकं. हा फरक प्रत्येकाच्या हाताला कळलाच पाहिजे असा माझा हट्ट. ओळ लावून एकेकाचा हात फिरेपर्यंत तास संपून पुढच्या तासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहायच्या. मुख्याध्यापिका वयस्कर होत्या, मऊ स्वभावाच्या होत्या. त्या एवढंच म्हणायच्या, "फरशीवर तेल सांडू देऊ नका हं."

सगळ्यांचा लाडका प्रयोग कळशीचा. छतातल्या एका कडीला मी जाड दोर बांधला आणि त्याला घरची पितळी कळशी टांगली. कळशीत गळ्यापर्यंत वाळू, तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. एकाने भिंतीला पाठ आणि डोकं टेकवून उभं राहायचं. कळशी ओढून आपल्या हनुवटीला लावायची आणि सोडायची. ती सुसाट फळ्याच्या बाजूला जाते, वर चढते, क्षणभर थांबते आणि तशीच थेट तोंडावर चालून येते. बघणारा डोळे मिटून घेतो. आणि ती हनुवटीच्या अलीकडे बोटभर अंतरावर थांबते, परत फिरते. जितकी ऊर्जा दिली तितकीच परत येते, वरती काही नाही. उलट येण्याजाण्यात थोडी खर्च होते, म्हणून लागत नाही. अट एकच. सोडायची, ढकलायची नाही.

ही अट आमच्या मुलांना पाळता येईना. सगळी हिंचक्यावर वाढलेली. टांगलेली वस्तू हातातून सुटताना हात तिला धक्का देणारच. म्हणून पहिले आठ दिवस मी समोर कोणालाच उभं राहू दिलं नाही. कळशी भिंतीला टेकवायची आणि बाजूला उभं राहून सोडायची. दहापैकी आठ जण ढकलायचे, कळशी परत येऊन धाडकन भिंतीवर आदळायची आणि चुन्याचा पोपडा खाली पडायचा. "अरे, हिंचका नाही हा!" म्हणून माझा घसा बसायचा. भिंतीची ती जागा इतकी भुसभुशीत झाली होती की तिथे टेकलेला माणूस पाठ पांढरी करूनच उठायचा.

पहिल्याच दिवशी जिला जमलं, ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसायची. आमच्या शाळेपासून दोन पोळ सोडून तिचं घर. तिचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि त्यांची तलवार घरात आहे असं ती अभिमानाने सांगायची. वडील मकरपुऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते. तिने कळशी दोन्ही हातांनी धरली, श्वास घेतला आणि सगळी बोटं एकदम उघडली. बस. देवापुढे ओंजळ सोडावी तशी. कळशी गेली, आली, भिंतीच्या अलीकडे थांबली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिला टाळ्या ऐकूच आल्या नाहीत. ती कळशीकडे बघत म्हणाली, "बाई, ती तिकडच्या टोकाला थांबते ना, तेव्हा तिची ऊर्जा कुठे जाते?"

"उंचीत जाते."

"म्हणजे दिसत नाही, पण असते?"

"असते."

तिने मान हलवली आणि दिवसभर ती वस्तू उचलून उचलून वर ठेवत होती. डस्टर, कंपास, स्वतःचं दप्तर. असा विद्यार्थी शिक्षकाला आयुष्यात किती वेळा मिळतो, ते विचारू नका. मला एकदाच मिळाला.

संक्रांतीनंतर तिचे वडील शाळेत आले. माणूस सरळ होता, आवाज चढवून बोलणारा नव्हता.

"बाई, छोकरी हुशार आहे ते मला पण खबर आहे," ते म्हणाले. "पण मराठी मीडियममधून पुढे कोण पूछणार? आमच्या कारखान्यात नवे साहेब येतात ना, सगळे फटाफट इंग्लिशमध्ये. जूनमध्ये हिला तिकडे टाकायचं ठरवलंय."

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी पालकांसाठी प्रयोग ठेवलेत. एकदा येऊन बघा. मग ठरवा."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात शिरण्याआधीच मला जिन्यात गाठून म्हणाली, "बाई, पप्पा म्हणालेत, बघून ठरवू. मला इथेच राहायचंय." तिचे डोळे असे काही चमकत होते की मीही हरखून गेले. सरळच सांगते, मला ती मुलगी शाळेसाठी नको होती. मला ती माझ्यासाठी हवी होती. ती आठवीत, नववीत, दहावीत माझ्यासमोर असेल, अशी मी मनात मांडणीही करून टाकली होती.

रविवारी सकाळी बैठक भरून गेली. आया पुढे सतरंजीवर, बाप मागे भिंतीला टेकून, मुख्याध्यापिका खुर्चीवर. शेंगदाणा नीट पेटला. डायनॅमोचा दिवा लागला, तेव्हा एका आजोबांनी "वाह!" म्हटलं आणि सगळे हसले. तिचे वडील हसले नाहीत, पण पुढे सरकून उभे राहिले. मला वाटलं, जिंकलं. आता कळशी.

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. परीटघडीचा गणवेश, दोन वेण्यांना लाल रिबिनी. डोकं तिने भिंतीला इतकं दाबून टेकवलं होतं की हनुवटी वर आली होती.

"बाई, मी सोडू?" तिने विचारलं.

"नको. आज मी सोडते. तू फक्त उभी राहा."

का म्हणाले मी असं? तिचे वडील समोर आहेत, तिचा हात थरथरेल, अशी मला भीती वाटली. महिनाभरात एकदाही न चुकलेल्या हाताचा मला भरवसा वाटला नाही, आणि माझ्या हाताबद्दल मनात शंकासुद्धा आली नाही. मी कळशी तिच्या हनुवटीला लावली, लोकांकडे वळून म्हटलं, "बघा हं," आणि सोडली.

कळशी गेली, वर चढली, थांबली, आली. आणि थांबायच्या जागी थांबली नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. दातावर पितळ. मग फरशीवर काहीतरी बारीक पडल्याचा आवाज. समोरच्या दाताचा अर्धा तुकडा होता तो. ओठ फाटला होता, गणवेशावर रक्त उतरत होतं. आया किंचाळल्या. ती रडली नाही. तिचे वडील दोन ढांगांत पुढे आले.

"काय झालं बाई? हे कसं झालं?"

आणि मी म्हणाले, विचार न करता, एका क्षणात, जणू उत्तर तोंडात तयारच होतं, "तिनं डोकं पुढे केलं."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तोंडावर हात ठेवला आणि हाताच्या आडून म्हणाली, "हो. माझी चूक झाली, बाई."

मी तिला मागच्या नळावर नेलं. चूळ भरायला ती वाकली, तेव्हा तिच्या डोक्याची मागची बाजू माझ्यासमोर आली. केसांना, दोन्ही रिबिनींच्या गाठींना पांढरा चुना लागला होता. दाबून टेकवलेल्या डोक्याला लागतो तसा, सपाट आणि दाट. मी तो पदराने झटकून टाकला. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. झटकला मात्र नीट, एकही कण न ठेवता.

वडील तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी कळशी रिकामी केली, घासली आणि घरी आणली.

संध्याकाळी माझे वडील हिंचक्यावर बसून चहा पीत होते. मी कळशी घेऊन स्वयंपाकघरात चालले होते. त्यांच्या जवळून गेले आणि चहा त्यांच्या धोतरावर सांडला.

"अगं, चहा!" ते म्हणाले.

"मी काय केलं?"

"झोका दिलास की. रोजच देतेस, आज जरा जोरात दिलास एवढंच."

मी थांबले. मी झोका दिला होता हे मला माहीतच नव्हतं. माझा डावा हात अजून फळीच्या उंचीवर होता, बोटं पुढे झालेली. मी त्या हाताकडे पाहत राहिले आणि मला सगळं दिसलं. लोकांकडे वळलेलं माझं तोंड, "बघा हं" म्हणणं, आणि तिकडे न बघता पुढे गेलेला हात. मी तिथेच फरशीवर बसले आणि वडिलांना सगळं सांगितलं, चुन्यासकट.

वडील संस्थानच्या काळात दप्तरखान्यात नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांच्या दप्तरात चूक खोडायची नाही असा दंडक होता. चुकलेल्या अक्षरावर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची, म्हणजे पुढच्याला कळतं कोण चुकलं आणि काय चुकलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मग उद्या जा," ते म्हणाले. "रेघ मार आणि सही कर."

"सगळ्यांसमोर बोलले मी, बाबा."

"म्हणून तर. सगळ्यांसमोर नको, त्या पोरीसमोर तरी सांग."

मी गेले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लगेच गेले. वाटेत वाक्य घोकत होते. 'तिची चूक नव्हती, माझा हात लागला.' एवढंच म्हणायचं होतं. यापेक्षा लांब वाक्यं मी वर्गात दिवसाला शंभर बोलायचे.

ती जमिनीवर बसून चमच्याने थंड दूध पीत होती. ओठ सुजून जांभळा झाला होता. तिचे वडील हिंचक्यावर होते. ते बाजूला सरकले आणि म्हणाले, "बसा ना, बाई." आईने पाणी आणलं. मी बसले.

"तुम्ही टेन्शन घेऊ नका," वडील म्हणाले. "छोकरीचीच भूल. घरात पण अशीच, एक मिनिट सीधी उभी राहत नाही."

वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिने चमचा खाली ठेवला. फुटक्या दातातून वारा जात होता, शब्द नीट येत नव्हते.

"बाई, प्रयोग खोटा नाही ना पडला?"

कालपासून तिला हीच काळजी लागली होती. दाताची नव्हती, बस आणि टायचीही नव्हती. मी आजही तिचा तो चेहरा डोळ्यांसमोर आणला की मला स्वतःची लाज वाटते, आणि नंतर नुसतं रडू येतं.

"नाही गं," मी म्हणाले. "प्रयोग बरोबर आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने मान हलवली आणि पुन्हा चमचा उचलला. यानंतर लगेच, त्याच दमात, उरलेलं वाक्य बोलायला हवं होतं. प्रयोग बरोबर आहे आणि तूही बरोबर होतीस. मी ते बोलले नाही. सकाळी मुख्याध्यापिका काकुळतीला येऊन म्हणाल्या होत्या की आता एवढ्यावरच मिटू दे, नाहीतर जूनला वर्गात कोणी उरायचं नाही. ही सबब मला फार दिवस पुरली. खरं कारण साधं होतं. त्या सरळ माणसाच्या शेजारी बसून मला लहान व्हायचं नव्हतं.

मी उठले. उठताना हिंचक्याला हलका धक्का दिला, तिच्या वडिलांचा झोका मोडू नये म्हणून. रीत मी पाळली.

जूनमध्ये ती दाखला घ्यायला आली. वडील कचेरीत बसले होते, तेवढ्यात ती एकटीच वर्गात येऊन उभी राहिली. वर कड्यांकडे बघितलं. मला बघून हसली आणि हसताना तोंडावर हात गेला. "येते, बाई," म्हणाली. मी म्हटलं, "नीट अभ्यास कर." दुसरं काही सुचलं नाही म्हणजे बघा.

कळशी मी पुन्हा टांगली नाही. मुलं मागे लागायची, मी ओरडून गप्प करायचे. हळूहळू बाकीचे प्रयोगही गेले. शेंगदाणे आणायचं राहून जायचं, डायनॅमो गंजला. एक दिवस मी फळ्यावर लिहिलं, कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा, आणि वर्गाने ते एका सुरात म्हटलं. मी त्यांना थांबवलं नाही. काही वर्षांनी आमचे वरचे वर्ग बंद झाले आणि मी एका गुजराती शाळेत शिकवू लागले. तिथेही पुस्तकातूनच शिकवलं.

माझे वडील दर दोन-चार महिन्यांनी विचारायचे, "सही केलीस का?" मी म्हणायचे, "करते." एका वर्षी त्यांनी विचारणं सोडून दिलं. त्यांनी ओरडायला हवं होतं असं मला तेव्हा वाटायचं.

माझे वडील गेले, तेव्हा ती मुलगी नोकरीला लागलेली बाई झाली होती. भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. येणारा हिंचक्यावर माझ्या शेजारी बसायचा, दोन शब्द बोलायचा, आणि उठताना नकळत झोका देऊन जायचा. प्रत्येक झोक्याला मला भरून यायचं. आपण एकटे पडलो नाही असं वाटायचं.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी खाली स्कूटी थांबली. जिना चढून एक तरुणी आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात हेल्मेट. "बाई, ओळखलंत?" म्हणाली आणि हसली, आणि तोंडावर हात गेला. मी ओळखलं.

ती शेजारी बसली. सावली गावाच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात, ऑफिसात नोकरीला होती. पप्पा रिटायर झाले, मजेत आहेत, म्हणाली. माझ्या वडिलांबद्दल हळुवार बोलली. मग इकडचं तिकडचं निघालं.

"तुम्ही शिकवलेलं सायन्स आजही आठवतं, बाई," ती म्हणाली. "उंचीत लपलेली ऊर्जा. पण अकरावीला मी कॉमर्स घेतलं."

"का गं?"

"नव्या शाळेत लॅब केवढी मस्त होती. पण मी कशाला हातच लावायची नाही. वाटायचं, मी हलेन आणि सगळ्यांचं बिघडेल. पप्पा पण म्हणायचे, तुझं ते काम नाही, तू एक मिनिट सीधी उभी राहत नाहीस." ती पुन्हा हसली. तक्रार म्हणून सांगत नव्हती. डोळ्यांचा रंग सांगावा तसं सांगत होती, जन्मापासून असलेली गोष्ट म्हणून.

समोर वडिलांचा फोटो होता, हार घातलेला. मला वाटलं, आता जर गप्प बसले तर मी माणूसच नाही.

"तू हलली नव्हतीस," मी म्हणाले. "तुझं डोकं भिंतीलाच होतं. केसांना मागून चुना लागला होता, मी स्वतः पाहिला, स्वतः झटकला. कळशी मी ढकलली. हिंचक्याला देतो तसा माझ्या हाताने धक्का दिला. तू काहीच चुकली नव्हतीस."

तिचा पाय जमिनीला टेकला. हिंचका थांबला. तिचा हात तोंडावरून खाली आला आणि मांडीवर पडला. तो कवळीसारखा जरा जास्त पांढरा दात मला पहिल्यांदा दिसला. खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

मग तिने एकच विचारलं. "कधी कळलं तुम्हाला?"

तिच्या आवाजात अजून माया होती. तिला वाटत होतं, हल्ली कधीतरी कळलं असेल, वडील गेल्यावर जुन्या गोष्टी आठवताना उलगडलं असेल, आणि बाईंनी लगेच सांगून टाकलं. तसं म्हणायला मला पूर्ण वाव होता. आयुष्यात मी त्या मुलीशी एकदा तरी खरं बोलायचं ठरवलं होतं.

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "संध्याकाळी."

ती फरशीकडे बघत राहिली. मनातल्या मनात दिवस जुळवत होती.

"म्हणजे दुसऱ्या दिवशी घरी आलात, तेव्हा माहीत होतं."

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं, बाई."

"हो."

रागावली असती तर बरं झालं असतं. मी वाट पाहत होते रागाची, रडण्याची, कशाचीही. तिने हेल्मेट उचललं. वडिलांच्या फोटोला नमस्कार केला. ती उठली तसा हिंचका थोडा हलला. तिने वळून, वाकून, फळी दोन्ही हातांनी धरली आणि पार स्थिर होईपर्यंत धरून ठेवली. मग सगळी बोटं एकदम उघडली.

इतकं नीट सोडायला मीच तिला शिकवलं होतं.

ती जिना उतरून गेली. खाली स्कूटी सुरू झाली आणि मांडवीच्या दिशेने गेली. मी तशीच बसून राहिले. हिंचका हलला नाही.